पेडलपासून झडपेपर्यंत: जुन्या मोटारीच्या थ्रॉटल जोडणीची निगा

कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारीत चालकाचा पाय आणि इंजिन यांच्यातील संबंध सर्वस्वी यांत्रिक असतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवर दाबला की दांड्या, लिव्हर आणि गोळीचे सांधे, किंवा काही गाड्यांत तारेची केबल, यांच्या साखळीतून ती हालचाल कार्बोरेटरच्या नळीतील एका पातळ, गोल झडपेपर्यंत पोहोचते आणि झडप जितकी उघडेल तितकेच हवा-पेट्रोलचे मिश्रण इंजिनात शिरते. या झडपेला थ्रॉटल आणि तिच्यापर्यंत जाणाऱ्या साखळीला थ्रॉटल लिंकेज म्हणतात. गाडी धक्के खाते, सिग्नलला बंद पडते, रेस सोडल्यावरही इंजिन घोंगावत राहते किंवा घाटात जोर देत नाही, अशी तक्रार घेऊन मालक गॅरेजमध्ये जातो तेव्हा बहुधा सगळ्यात आधी कार्बोरेटर खोलला जातो. वास्तविक यांतील पुष्कळ तक्रारींचे मूळ कार्बोरेटरच्या बाहेर, या साध्या दांड्यांच्या साखळीत असते आणि ते शोधायला एक पाना, एक पक्कड आणि थोडा धीर एवढे भांडवल पुरते.

महाराष्ट्रात आणि त्याच्या सीमेवरच्या भागात या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० या मॉडेलची गाडी बाहेर पडू लागली, १९६४ मध्ये तिला ‘डिलाइट’ हे रूप मिळाले आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर सोलेक्स बनावटीचा एकच कार्बोरेटर अशी तिची साधी रचना होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही गाडी दशकानुदशके दिवसरात्र धावली. तिचे उत्पादन २००० नंतर लवकरच थांबले, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी होताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून बाद झाली. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजून ठिकठिकाणी टिकून आहेत, आणि त्यांच्याबरोबर बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसिडरच्या पेट्रोल गाड्या आणि पहिल्या दीड दशकातील मारुती ८०० यांचीही गणना करावी लागते, कारण या सर्वांचा थ्रॉटल पायाच्या जोरावरच हलतो. आजच्या मोटारीत पेडल फक्त विजेचा संकेत पाठवते आणि झडप एक छोटी मोटार उघडते. त्यामुळे नव्या पिढीच्या तंत्रज्ञांच्या हाताला ही जोडणी लागत नाही आणि ती जुळवण्याचे ज्ञान मालकानेच जपावे अशी वेळ आली आहे.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ आणि त्याच्या आसपासचा प्रदेश या जोडणीच्या निगेच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगा आहे. हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला जोडला गेला, पण रोटीबेटीचा व्यवहार, बाजारहाट आणि मराठी बोलणे सीमेच्या दोन्ही बाजूंना कायम राहिले. जिल्ह्याच्या गाड्यांच्या पाट्याच त्याचा इतिहास सांगतात: आधी ‘एपी ०१’, २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर ‘टीएस ०१’ आणि मार्च २०२४ पासून नव्या नोंदणीसाठी ‘टीजी ०१’. थ्रॉटल जोडणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते इथले हवामान आणि इथले रस्ते. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ उडते, कापसाच्या हंगामात वाहतुकीच्या गाड्यांतून तंतू गळत असतात, पावसाळ्यात चिखलाचे शिंतोडे इंजिनाखालून थेट दांड्यांवर येतात आणि हिवाळ्यात आदिलाबादचा पारा तेलंगणात नेहमीच खाली उतरलेला असल्यामुळे सकाळी चोक ओढल्याशिवाय जुनी गाडी सुरू होत नाही. त्यातच निर्मलकडे जाताना महबूब घाटाचा जुना रस्ता धरला तर झडप पूर्ण उघडणे आणि पूर्ण मिटणे या दोन्हींची परीक्षा एकाच चढ-उतारात होते.

जोडणी नीट आहे म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी झडपेची रचना समजून घेणे आवश्यक आहे. कार्बोरेटरच्या नळीत आडवा बसवलेला एक बारीक दंड असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. त्यावर पितळेची गोल चकती दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. पाय काढलेला असताना ती चकती नळी जवळजवळ बंद करते, मात्र पूर्णपणे नाही, कारण इंजिन मंद गतीने चालू राहण्यासाठी, म्हणजे आयडलिंगसाठी, थोडी हवा जावीच लागते. ही किमान फट ठरवण्याचे काम स्पिंडलच्या लिव्हरला टेकणाऱ्या एका थांबा-स्क्रूचे असते. पेडल तळाशी गेल्यावर चकती नळीतील हवेच्या प्रवाहाला समांतर झाली पाहिजे. यावरून योग्य जोडणीच्या दोन अटी निघतात: पाय काढलेला असताना लिव्हर थांबा-स्क्रूवरच टेकलेला असावा आणि दांड्यांनी त्याला अधांतरी धरून ठेवू नये, तसेच पाय पूर्ण दाबलेला असताना चकती पूर्ण उघडावी, पण पायाचा जास्तीचा जोर स्पिंडलवर न येता गाडीच्या तळाशी असलेल्या पेडलच्या थांब्याने घ्यावा. दुसऱ्या अटीकडे सर्रास दुर्लक्ष होते. घाटात चालक पेडल जीव खाऊन दाबतो तेव्हा, तळाचा थांबा नसेल तर, ती सगळी ताकद जस्ताच्या मिश्रधातूच्या नाजूक कार्बोरेटरवर पडते, लिव्हर वाकतो आणि पुढे कितीही जुळवणी केली तरी ती टिकत नाही.

झडपेच्या सुरुवातीच्या काही अंशांना फार मोल आहे. मंद गतीत इंजिनाला हवा फारच थोडी लागते, त्यामुळे गावातून, गर्दीतून किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरून चालवताना जवळजवळ सगळे काम झडपेच्या पहिल्या छोट्याशा उघडण्यात होते आणि साखळीतील ढिलाई नेमकी तिथेच जाणवते. समजा, पेडल ते कार्बोरेटर या वाटेत पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्ध्या मिलिमीटरचा खेळ आहे. तर शेवटच्या टोकाला अडीच मिलिमीटरची ढिलाई जमा होते आणि स्पिंडलचा लिव्हर तीस मिलिमीटर लांबीचा असेल तर ती जवळजवळ पाच अंशांइतकी भरते. पाय हलतो पण काही घडत नाही, आणि मग एकदम घडते. गाडी उचल घेताना गचका देते. मालक याला ‘पिकअप गेला’ म्हणतो आणि कार्बोरेटरमधील जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, बदलून घेतो. पण जेट बदलल्याने सांध्यातील ढिलाई भरून निघत नाही.

सांध्याची झीज डोळ्यांना दिसते, फक्त तो सुटा करून उजेडात धरायला हवा. दांडीच्या टोकाला वाटी असते, लिव्हरवर पोलादी गोळी असते आणि एक छोटी क्लिप किंवा स्प्रिंग दोघांना एकत्र धरते. चांगली गोळी सगळीकडून सारखी चकाकते. झिजलेल्या गोळीवर ज्या बाजूने रोज ओढ बसते तिथे मंद राखाडी, सपाट चट्टा पडलेला असतो आणि नखाने चाचपले तर त्याची कड लागते. वाटीत तेल आणि धूळ यांचा काळा लेप जमलेला असतो, जो हळूहळू घासकामाच्या पेस्टप्रमाणे धातू खात राहतो. म्हणूनच या सांध्यांना तेलाने न्हाऊ घालणे चुकीचे आहे. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने सांधा पुसून कोरडा करावा, मग हलक्या तेलाचा एक थेंब किंवा ग्रीसचा पुसटसा थर द्यावा आणि बाहेर आलेले लगेच पुसून टाकावे. हे काम इंजिन थंड असताना आणि आगीची कोणतीही वस्तू जवळ नसताना करावे. बोथसारख्या धुळीच्या भागात ही साफसफाई पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करणे शहाणपणाचे ठरते. गोळी किंवा वाटी झिजलेली असेल तर ती बदलणे हाच उपाय आहे. तारेचा विळखा घालून किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबून सांधा घट्ट केल्यास तो सहज फिरत नाही आणि झडप परत मिटायला अडते.

प्रत्यक्ष जुळवणीत क्रमाला फार महत्त्व आहे. व्हॉल्व्हच्या टॅपेटमधील अंतर, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट आणि ठिणगीचा टायमिंग हे आधी बरोबर असले पाहिजेत, कारण ते चुकलेले असताना थ्रॉटलने केलेली दुरुस्ती म्हणजे एका दोषाने दुसरा दोष झाकणे होय. नंतर इंजिन नेहमीच्या उष्णतेपर्यंत गरम करून चोक पूर्ण आत ढकललेला आहे याची खात्री करावी आणि कार्बोरेटरच्या लिव्हरपासून दांडी सोडवून घ्यावी. या सोडवण्यातच मोठे निदान दडलेले आहे: दांडी सोडताच चढलेले आयडलिंग खाली आले तर दोष जोडणीत आहे, आणि तरीही ते तसेच राहिले तर दोष कार्बोरेटरमध्ये, चोकच्या जोडणीत किंवा हवेच्या गळतीत आहे. दांडी सुटी असतानाच थांबा-स्क्रू आणि मिश्रणाचा स्क्रू फिरवून उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली मंद गती जमवावी. मग दांडीची लांबी अशी ठेवावी की गोळी वाटीत बसवताना लिव्हरला धक्का लागणार नाही आणि दांडी बोटांनी हलवली तर मिलिमीटरभराची मोकळीक जाणवेल. लांबी बदलण्यासाठी दांडीच्या टोकाला आटे असतात. काही दांड्यांत एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे मधला भाग फिरवला की दोन्ही टोके एकदम जवळ येतात किंवा लांब जातात. माप जमल्यावर लॉकनट आवळताना गोळीची वाटी तिरपी होऊ देऊ नये, कारण तिरपी वाटी अर्ध्या वाटेतच अडते.

यानंतर दोन माणसांची गरज पडते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबावे आणि दुसऱ्याने एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडातून आत बघावे. पेडल दाबताच पेट्रोलची बारीक धार आत पडताना दिसते. ते अ‍ॅक्सिलरेटर पंपाचे काम असते, म्हणजे झडप अचानक उघडल्यावर मिश्रण पातळ पडू नये म्हणून दिलेला जादा घोट. हा पंपही थ्रॉटलच्याच एका छोट्या दांडीने चालतो, म्हणून झडप हलताक्षणी धार पडली पाहिजे. ती उशिरा पडत असेल तर तेथील दांडीची पिन किंवा भोक झिजलेले असते. पेडल पुनःपुन्हा दाबू नये, नाहीतर आत पेट्रोल साचते. तळाशी पाय असताना चकती पूर्ण उभी झाली नसेल तर आधी पायाखाली बघावे. जुन्या गाडीत मूळ पातळ मॅटवर आणखी जाड रबरी मॅट आणि त्यावर काथ्याची चटई घालण्याची सवय असते. तेवढ्यानेही पेडलचा प्रवास कमी होतो आणि गाडीची ताकद गेली असे वाटते. मॅटचा धोका याहून गंभीर आहे. २००९ आणि २०१० मध्ये टोयोटा कंपनीला पेडलमध्ये अडकणाऱ्या मॅट आणि परत न येणारी पेडले यांमुळे जगभरातून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि त्या गाड्या नव्या होत्या.

झडप मिटवणारी स्प्रिंग हा या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. ती थकली की झडप परत येताना अडखळते. तेव्हा अनेक जण हाती लागेल ती जाड स्प्रिंग लावतात आणि पाय दुखेपर्यंत पेडल जड करून ठेवतात. याची किंमत स्पिंडलला मोजावी लागते. स्प्रिंग स्पिंडलला सतत एकाच दिशेने ओढत असते, त्यामुळे कार्बोरेटरच्या अंगातले ज्या भोकात तो फिरतो ते भोक त्या बाजूला लांबट होत जाते, तिथून झडपेच्या खाली हवा शिरते, मंद गतीत मिश्रण पातळ पडते आणि आयडलिंग खालीवर होत राहते. स्पिंडलचे टोक चिमटीत धरून वरखाली हलवले की हा खेळ हाताला कळतो. असा कार्बोरेटर स्क्रू फिरवून कधीच स्थिर होत नाही. त्याच्या भोकात लेथवर बारीक बुश बसवून घ्यावा लागतो आणि ते काम काळजीपूर्वक करणारा कारागीर आदिलाबाद किंवा नांदेडसारख्या ठिकाणी शोधण्यासाठी घेतलेले कष्ट वाया जात नाहीत. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत स्पिंडल चिकटणे आणि पंपाचा पडदा कडक होणे या तक्रारी लवकर उद्भवतात. गाडी फारशी फिरत नसली तरी आठवड्यातून एकदा हाताने थ्रॉटल उघडझाप करून तो मोकळा आहे एवढे पाहावे.

दांड्यांच्या जोडणीत आणखी एक फसवा दोष असतो. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते आणि पेडल गाडीच्या अंगाला जोडलेले असते. जोर लागला की इंजिन थोडे कलते आणि त्यासोबत कार्बोरेटरही हलतो. गादी फाटलेली किंवा बसलेली असेल तर हे कलणे वाढते, इंजिन स्वतःच दांडी ओढून झडप उघडते आणि पुन्हा सोडते. पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटताना जे सलग झटके बसतात ते अनेकदा यातूनच आलेले असतात. अशा वेळी क्लचवर संशय घेण्यापूर्वी बॉनेट उघडून, हँडब्रेक लावून, सुरू इंजिनला हलकी रेस देत त्याचे डोलणे पाहणे हितावह असते. मारुती ८०० सारख्या केबलच्या गाड्यांत हा त्रास नसतो, पण केबलचा एखादा धागा तुटून नळीत अडकणे, वळण फार तीव्र असणे किंवा केबल एक्झॉस्टच्या नळीला टेकून वितळणे हे दोष असतात. नळीच्या तोंडाशी तुटका धागा दिसला की केबल बदलावी, तिची डागडुजी करू नये. एमजी किंवा जॅग्वारसारख्या दोन कार्बोरेटरच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोन्ही झडपा एकाच क्षणी उघडणे ही आणखी एक अट असते; जाणकार मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा सुस्कारा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत जोडणारा क्लॅम्प सरकवतो.

हिवाळ्यातील चोकविषयी थोडे सांगणे जरूर आहे. अनेक कार्बोरेटरांत चोक ओढला की एक छोटी दांडी थ्रॉटलही किंचित उघडते, म्हणजे थंड इंजिन बंद पडत नाही. चोक आत ढकलल्यावर ही दांडी थ्रॉटलपासून पूर्ण सुटली पाहिजे. ती घासत राहिली तर दुपारीही इंजिन चढ्या गतीने चालते, पेट्रोल वाया जाते आणि मालक थांबा-स्क्रू सैल करत बसतो; मग दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आयडलिंगला उभीच राहत नाही.

चालत्या गाडीत थ्रॉटल उघडा अडकला तर क्लच दाबून इंजिन चाकांपासून तोडावे, ब्रेक लावावा आणि इग्निशन बंद करावे. मात्र ज्या गाडीला स्टीअरिंग लॉक आहे तिची चावी थांबेपर्यंत बाहेर काढू नये. पेडलखाली हात घालून ते वर ओढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात नजर रस्त्यावरून हटते.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या ‘विंटेज’ गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षे चालते. पण गाडी विंटेज ठरलेली असो वा नुसतीच जुनी, प्रदूषण तपासणीत जुन्या पेट्रोल चारचाकींचा कार्बन मोनॉक्साइड आयडलिंगलाच मोजला जातो आणि झडप अधांतरी राहिलेल्या गाडीला तिथे चांगला निकाल मिळण्याची आशा धरू नये. बोथ, किनवट, इच्चोडा, आदिलाबाद या पट्ट्यात ज्यांच्या दारात अशी गाडी अजून चालती आहे, त्यांनी कार्बोरेटर खोलायला देण्यापूर्वी मिस्त्रीला दांडी सोडवून आयडलिंग तपासायला सांगावे, झिजलेल्या गोळ्या आणि वाट्या बदलून घ्याव्यात आणि येत्या पावसाळ्यापूर्वी परतीची स्प्रिंग योग्य ताणाची नवी बसवून जुनी गाडीच्या डिकीत राखीव ठेवावी.